अकराचा डझन

बाळीवेशीतल्या आमच्या पत्र्याच्या खोलीत
दिवसाला दोनशे भाकऱ्या होतात.
मी थापते, गंगव्वा शेकते,
मग निखाऱ्याशेजारी उभ्या करून सुकवतो त्यांना,
पापडासारख्या, कडक.
महिनाभर डब्यात ठेवा, काही होत नाही.
पुण्याला जातात, हैदराबादला जातात,
एक डझन तर दुबईला गेला होता.
फक्त आमच्या मालकांच्या ताटात
सात वर्षं एकही गेली नाही.

होटगी रोडच्या एका हॉलात शिबिर होतं.
तिथून आले आणि म्हणाले,
"महानंदा, ज्वारी म्हणजे साखरच की गं,
नुसती वेश पालटलेली."
मी पिठाचे हात तसेच धरून उभी.
माझ्या पोटापाण्याला
एवढं वाईट आजवर कुणी बोललं नव्हतं.

वजन उतरलं. खोटं कशाला बोलू.
सव्वा वर्षात शहाण्णवचे चौऱ्याहत्तर.
साखरेची गोळी अर्ध्यावर आली.
टॉवेलच्या कारखान्यात विचारायचे,
"मल्लिनाथ, काय करायलास बे?"
आणि हे शर्ट आत खोचून, सविस्तर सांगायचे.
आमच्या लिंगायताच्या घरात अंडं शिजत नाही,
म्हणून गच्चीवर वेगळी शेगडी, वेगळा तवा.
रोज सकाळी चार.
मी जिन्याखाली पदर नाकाला लावून
त्यांना आयुष्य मागायची.

मग हळूहळू.
एका दिवसात काही झालं नाही,
म्हणून तारीख सांगता येत नाही.
तोंडाला वास, नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा.
न्हाणीच्या जाळीत केस.
रात्री पोटऱ्या आवळायच्या, मी चोळत बसायची.
इसबगोल संपायचा
मिठाच्या आधी.
चौथ्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेत
धाकटीनं रेवडी पुढं केली,
तर ती मुठीत धरून उभेच राहिले,
एवढ्या गर्दीत कुठं ठेवावी ते कळेना.

सहाव्या वर्षी मुतखडा.
सात रस्त्यापर्यंत रिक्षात माझं मनगट आवळून होते,
बांगडी पिचली.
डॉक्टरांनी कागद वाचला:
साखर बरी. चरबीचा एक आकडा वर चढलेला.
मी विचारलं, "ह्या खाण्यामुळं का?"
चष्मा काढून म्हणाले,
"असेल. नसेलही. पाणी कमी पीत असतील,
वडिलांकडून आलं असेल, कारखान्यातली धग असेल.
सहा महिन्यांचं मी सांगू शकतो, ताई.
वीस वर्षं माणसाला बांधून
एकच ताट कोण वाढणार, आणि कोण मोजणार?"
मला तो माणूस आवडला.
माहीत नाही म्हणाला.
फी मात्र पूर्ण घेतली.

माझा भाऊ इरण्णा हेच खातो, ठणठणीत आहे.
ह्यांचा काटा परत अठ्ठ्याऐंशीवर,
भाकरीला न शिवता.
कपाटात तीन मापांच्या विजारी.
एकही टाकू देत नाहीत.

काल डझन बांधताना एक भाकरी तडकली.
तुटकी गिऱ्हाइकाला देत नाही आपण.
हे मागं उभे होते, कधी आले कोण जाणे.
बेलाच्या पानाएवढा तुकडा उचलला,
पनीर मोजायच्या काट्यावर ठेवला.
"नऊ ग्रॅम," म्हणाले.
वहीत लिहिलं.
शेंगाचटणीची बरणी ओढली, झाकण लावलं, परत काढलं.
मग तो आवाज.
दिवसभर हाताखाली ऐकते मी तो,
पण ह्यांच्या दातांचा
विसरूनच गेले होते.

वळून बघितलं नाही.
बघितलं असतं तर ठेवून दिला असता.
उरलेल्या अकरांना दोरा बांधला,
वरच्या कागदावर बारा लिहिलं,
आणि मग गाठ सोडून
पुन्हा मोजायला बसले.